परजीवी, चयापचय आणि प्रतिक्षम पेशी

शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी कोणते इंधन जाळतात, कोणती संयुगे साठवतात आणि कोणती संपवतात, यावर त्यांचे वर्तन बरेचसे अवलंबून असते. शरीरात शिरलेला परजीवीही त्याच इंधनावर आणि त्याच संयुगांवर जगतो. त्यामुळे त्याच्या नुसत्या खाण्यापिण्यानेही प्रतिक्षम पेशींचे वर्तन बदलते. या परस्परसंबंधाचा अभ्यास प्रतिक्षम-चयापचय या शाखेत होतो. प्रस्तुत नोंदीत परजीवी ही संज्ञा एकपेशीय आदिजीव आणि बहुपेशीय कृमी यांच्यापुरती घेतली आहे. विषाणू व जीवाणू यांचा विचार येथे केलेला नाही.

या शाखेचा आरंभ कधीचा मानावा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण थेट एल्या मेचनिकॉफ यांच्यापर्यंत मागे जातात. मेचनिकॉफ मूळचे प्राणिशास्त्रज्ञ; खालच्या वर्गातील प्राणी पेशीच्या आत अन्न कसे पचवतात, हा त्यांचा विषय. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्यांनी ताऱ्यामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला आणि त्याभोवती जमणाऱ्या भटक्या पेशी पाहिल्या. पुढे पाणपिसवेच्या शरीरात शिरलेले बुरशीवर्गीय परजीवीच्या बीजाणूंना तिच्या भटक्या पेशी गिळून पचवतात, हेही त्यांनी दाखवले. भक्षण ही रक्षणाची क्रिया मुळात पोषणाच्या क्रियेतून आली, हे त्यांचे प्रतिपादन आज वाचताना फार आधुनिक वाटते. तथापि त्यांच्या काळी चयापचयाचे रसायनशास्त्र बाल्यावस्थेत होते, म्हणून त्यांना शाखेचे संस्थापक न म्हणता पूर्वसूरी म्हणणे अधिक योग्य.

दुसरा मतप्रवाह जर्मन जैवरसायनशास्त्रज्ञ ओटो वारबुर्ख यांच्यापासून सुरुवात करतो. भरपूर ऑक्सिजन असतानाही अर्बुदाच्या पेशी ग्लुकोजचे लॅक्टिक अम्लात रूपांतर करतात, हे त्यांनी १९२० च्या दशकात दाखवले. उद्दीपित झालेल्या प्रतिक्षम पेशीही असेच करतात हे नंतर स्पष्ट झाले. तिसऱ्या मतानुसार शाखेचा उगम लठ्ठपणाच्या संशोधनात आहे. लठ्ठ उंदरांच्या मेद-ऊतीत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे दाहकारक प्रथिन जास्त प्रमाणात तयार होते व त्याचा इन्सुलिनरोधाशी, म्हणजे इन्सुलिनला शरीराने पुरेशी दाद न देण्याशी, संबंध आहे, असे १९९३ मध्ये दिसून आले. शाखेचे नाव मात्र साधारण २०११ च्या सुमारास रूढ झाले.

केवळ परजीवींपुरते बोलायचे तर १९८४ हे वर्ष आरंभबिंदू मानणे सयुक्तिक ठरेल. त्या वर्षी अमेरिकेतील एल्मर फेफरकॉर्न यांनी एक साधा पण निर्णायक निष्कर्ष प्रसिद्ध केला. मानवी तंतुजनक (संयोजी ऊतीतील) पेशींना गॅमा इंटरफेरॉन हे प्रतिक्षम पेशींचे संदेशप्रथिन दिले की त्यांच्यात टॉक्सोप्लाझ्मा गाँडाय या आदिजीवाची वाढ थांबते. कारण शोधता असे आढळले की, पेशी आपल्याजवळचे ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो अम्ल स्वतःच मोडून टाकते. टॉक्सोप्लाझ्माला ट्रिप्टोफॅन तयार करता येत नाही. ते पोषक पेशीकडूनच, म्हणजे ज्या पेशीत तो राहतो तिच्याकडूनच, घ्यावे लागते. येथे पेशी शत्रूवर विष टाकत नाही, त्याची उपासमार करते. संरक्षण आणि चयापचय या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकच क्रिया असू शकते, हे इतक्या स्वच्छपणे त्यापूर्वी क्वचितच दिसले होते. हा मार्ग सर्व प्राण्यांत सारखाच महत्त्वाचा नाही. उंदरात टॉक्सोप्लाझ्माविरुद्धची मुख्य मदार गॅमा इंटरफेरॉनने प्रेरित होणाऱ्या एका वेगळ्या प्रथिनकुलावर असते. ही प्रथिने परजीवीभोवतीची पिशवी फोडतात.

आर्जिनिनसाठी झुंज : या विषयातील सर्वांत सखोल अभ्यास आर्जिनिन या ॲमिनो अम्लाचा झाला आहे, आणि तो तसा व्हावा हे स्वाभाविकच आहे. बाहेरचे कण व जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशीपुढे आर्जिनिन खर्चण्याचे दोन प्रमुख मार्ग असतात. पहिल्या मार्गात नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे विकर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड व सिट्रुलिन बनवते. नायट्रिक ऑक्साइड परजीवीला मारक ठरते. दुसऱ्या मार्गात आर्जिनेज हे विकर त्याच रेणूचे ऑर्निथिन व यूरिया यांत विभाजन करते. ऑर्निथिनपासून पॉलिअमाइने आणि प्रोलिन तयार होतात. पॉलिअमाइने पेशींच्या वाढीला लागतात, तर प्रोलिन कोलॅजेनच्या घडणीला. एका वाटेने गेलेला रेणू शस्त्र होतो, दुसऱ्या वाटेने गेलेला डागडुजीचे साहित्य. १९८५ ते १९८७ या काळात महाभक्षी पेशी नायट्रेट निर्माण करतात व त्यांच्या मारकशक्तीला आर्जिनिन लागते, हे सिद्ध झाले.

लीशमॅनिया या काला आजार व त्वचाव्रण घडवणाऱ्या आदिजीवाच्या बाबतीत ही दुहेरी वाट निर्णायक ठरते. तो महाभक्षी पेशीच्या पाचक पिशवीतच, म्हणजे सर्वांत धोक्याच्या जागी, राहतो. त्याला वाढीसाठी पॉलिअमाइने हवी असतात. पेशीत आर्जिनेज वाढले की एका दगडात दोन पक्षी मरतात : मारक वायूचा कच्चा माल संपतो आणि परजीवीला खाद्य मिळते. शिवाय लीशमॅनियाकडे स्वतःचे आर्जिनेज असते. लीशमॅनिया मेजर या जातीला बाल्ब-सी वंशाचे उंदीर बळी पडतात व सी५७-ब्लॅक-६ वंशाचे बचावतात. हा फरक १९८० च्या दशकाच्या अखेरीस इतर प्रतिक्षम पेशींना दिशा देणाऱ्या साहाय्यक टी पेशींच्या दोन प्रकारांनी, म्हणजे गॅमा इंटरफेरॉन स्रवणाऱ्या पहिल्या व इंटरल्यूकिन-४ हे दुसरे संदेशप्रथिन स्रवणाऱ्या दुसऱ्या प्रकाराने, समजावून सांगण्यात आला. आर्जिनिनचे स्पष्टीकरण त्याला छेद देत नाही. पहिला प्रकार महाभक्षी पेशीला नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेला लावतो, दुसरा आर्जिनेजच्या. टी पेशींचा निर्णय शेवटी या एका रेणूच्या विनियोगातून अमलात येतो.

इतर परजीवींनीही हेच ॲमिनो अम्ल हेरले आहे. आतड्यातील जिआर्डिया आर्जिनिन ऊर्जेसाठी झपाट्याने वापरतो, त्यामुळे आतड्याच्या अस्तरपेशींना नायट्रिक ऑक्साइड बनवायला पुरेसे आर्जिनिन उरत नाही. टॉक्सोप्लाझ्माच्या काही वाणांची तऱ्हा याहून थेट आहे. ते पोषक पेशीत शिरताना एक विकर आत सोडतात. ते पेशीच्या संदेशवाहक प्रथिनांना असे चेतवते की जणू इंटरल्यूकिन-४ चा संदेशच आला आहे, आणि आर्जिनेज तयार होऊ लागते.

याउलट शिस्टोसोमा या रक्तपर्णकृमीच्या संसर्गात आर्जिनेज पोषकाच्या उपयोगी पडते. या कृमीची अंडी यकृतात अडकतात व त्यांभोवती दाहाच्या गाठी आणि तंतुमय ऊतक तयार होते. आर्जिनेजपासून प्रोलिन व प्रोलिनपासून कोलॅजेन बनते, म्हणून आर्जिनेज काढून टाकले तर तंतूकरण घटेल अशी अपेक्षा होती. २००९ मध्ये महाभक्षी पेशींत आर्जिनेज नसलेल्या उंदरांवर झालेल्या प्रयोगात उलटे दिसले : दाह व तंतूकरण दोन्ही वाढले. येथे आर्जिनेज टी पेशींचे आर्जिनिन तोडून त्यांना आवर घालत असावे, असे स्पष्टीकरण दिले जाते व ते पटण्यासारखे आहे. हा सर्व पुरावा मुख्यतः उंदरांतला आहे. मानवी महाभक्षी पेशी प्रयोगशाळेत आर्जिनेज-१ (आर्जिनेजचे वर चर्चिलेले रूप) सहजी निर्माण करत नाहीत. मानवात हे विकर न्यूट्रोफिल या श्वेतपेशींच्या कणिकांत विपुल असते. पाठ्यपुस्तकांत हा भेद अनेकदा गाळला जातो, त्याची नोंद येथे मुद्दाम केली आहे.

इंधनाची निवड : जीवाणूजन्य घटकांनी किंवा गॅमा इंटरफेरॉनने उद्दीपित झालेली महाभक्षी पेशी ग्लुकोजचे जलद विघटन करते. तिच्या तंतुकणिकांमधील क्रेब्ज चक्र ठिकठिकाणी तुटते आणि मधली संयुगे साचतात. साचलेले सक्सिनेट एका नियामक प्रथिनाला टिकवून धरते व त्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहकारक संदेश वाढतो, असे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. दुसरे संयुग इटाकोनेट. ते दाह आवरते, शिवाय काही जीवाणूंच्या विकरांना रोखते.

कृमींच्या संसर्गात इंटरल्यूकिन-४ व इंटरल्यूकिन-१३ यांचे प्राबल्य असते. त्यांच्या प्रभावाखाली महाभक्षी पेशीचे जे रूप घडते त्याला १९९२ पासून ‘पर्यायी उद्दीपन’ म्हणतात. २००० साली आलेल्या एम-१ (दाहकारक उद्दीपन) व एम-२ (पर्यायी उद्दीपन) या नावांनी हा भेद लोकप्रिय झाला, पण २०१४ मध्ये अनेक संशोधकांनी मिळून अशी सूचना केली की पेशीला कोणत्या घटकाने उद्दीपित केले ते सांगावे, नुसता क्रमांक देऊ नये. ही सूचना रास्त आहे. कृमिबाधित ऊतीतील पेशी या दोन खणांत मावत नाहीत.

एम-२ पेशी मेदाम्ले जाळतात, हे विधान बहुतेक आढाव्यांत आढळते. त्याचा पाया २००६ च्या एका अभ्यासात आहे : इंटरल्यूकिन-४ ने तंतुकणिकांची संख्या व मेदाम्लांचे ज्वलन वाढते आणि ते रोखले तर पर्यायी उद्दीपन मंदावते. २०१४ मध्ये या मताला बळ मिळाले. पेशी बाहेरून मेद घेऊन लयकारिकेत त्याचे विघटन करतात आणि ही क्रिया थांबवली की उंदरांची आतड्यातील हेलिग्मोसोमॉइडीस पॉलिगायरस या गोलकृमीविरुद्धची प्रतिक्षमता ढासळते, असे तेव्हा दिसले. मात्र २०१६ मध्ये मेदाम्ले तंतुकणिकेत नेण्यास आवश्यक विकर जनुकीय पद्धतीने काढलेल्या पेशीही इंटरल्यूकिन-४ ला नेहमीप्रमाणेच प्रतिसाद देतात, असे आढळले. जुन्या प्रयोगांतील बराचसा पुरावा मेदाम्लांचे ज्वलन रोखणाऱ्या इटोमॉक्सिर या औषधावर आधारलेला होता. २०१८ च्या सुमारास स्पष्ट झाले की ते औषध जास्त मात्रेत मेदाम्लांशी संबंध नसलेल्या क्रियाही बिघडवते. दोन्ही बाजू पाहता जनुकीय पुराव्याला अधिक वजन द्यावे लागते. पर्यायी उद्दीपनाला तंतुकणिकांतील श्वसन लागते एवढे पक्के. ते मेदाम्लांवरच चालावे असे बंधन दिसत नाही.

लीशमॅनियाबाधित पेशीचे इंधनही कालांतराने बदलते. संसर्गाच्या सुरुवातीस ती ग्लुकोजविघटन वाढवते. काही तासांनी तंतुकणिकांच्या श्वसनाकडे वळते. लीशमॅनिया इन्फँटम या जातीच्या संसर्गात हा पालट परजीवीला हितकारक असतो व त्यामागे पेशीच्या ऊर्जास्थितीवर लक्ष ठेवणारी प्रथिने असतात, असे २०१५ मध्ये दाखवले गेले.

परजीवीचा टाकाऊ माल : परजीवी जे बाहेर टाकतो तेही संदेश ठरते. निद्रारोगाचा कारक ट्रिपॅनोसोमा ब्रुसी रक्तात राहतो. तो ॲमिनो अम्लांवर प्रक्रिया करून इंडोलपायरूव्हेट हे संयुग स्रवतो, आणि त्याने महाभक्षी पेशींतील इंटरल्यूकिन-१ बीटाची निर्मिती घटते. सक्सिनेटच्या ज्या साखळीचा उल्लेख वर आला तीच येथे तोडली जाते.

आतड्यात सक्सिनेटचा अर्थ बदलतो. तेथे काही आदिजीव ते उपपदार्थ म्हणून सोडतात. आतड्याच्या अस्तरातील टफ्ट पेशींवर त्याचा ग्राही, म्हणजे ते ओळखणारे प्रथिन, असतो. तो चेतल्यावर इंटरल्यूकिन-२५ स्रवते, दुसऱ्या गटाच्या जन्मजात लसिकाभ पेशी (टी पेशींच्या नात्यातल्या प्रतिक्षम पेशी) जाग्या होतात आणि श्लेष्म वाढते. पेशीच्या आत दाहाची खूण असलेले संयुग पेशीबाहेर कृमिविरोधी प्रतिसादासारखा प्रतिसाद उठवते. गंमत अशी की निप्पोस्ट्राँगायलस ब्राझिलिएन्सिस या कृमीला ओळखण्यासाठी टफ्ट पेशींना या ग्राहीची गरज पडत नाही.

याच लसिकाभ पेशींविषयी एक निष्कर्ष नोंदण्याजोगा आहे. जीवनसत्त्व अ कमी पडले तर प्रतिक्षमतेची अनेक अंगे दुबळी होतात, पण या दुसऱ्या गटाच्या लसिकाभ पेशी उलट वाढतात. बाहेरची मेदाम्ले उचलून त्या आपले काम चालू ठेवतात. कुपोषण आणि कृमी यांची साथ जुनी आहे. उपाशी शरीरानेही कृमींविरुद्धचा मोर्चा राखावा अशी ही तजवीज उत्क्रांतीत टिकली असावी.

संपूर्ण शरीरावरील परिणाम : २०११ मध्ये असे दिसून आले की उंदरांच्या मेद-ऊतीतील इओसिनोफिल या श्वेतपेशी इंटरल्यूकिन-४ पुरवून तेथील महाभक्षी पेशींचे पर्यायी उद्दीपन टिकवतात आणि ग्लुकोजचे संतुलन सुधारते. चरबीयुक्त आहारावरील उंदरांना कृमिसंसर्ग झाल्यावर त्यांची ग्लुकोज-सहनशीलता वाढली. शिस्टोसोमाच्या अंड्यांतील प्रथिनांचे मिश्रण टोचूनही लठ्ठ उंदरांत इन्सुलिनचा परिणाम सुधारतो.

मानवातील पुरावा याहून विरळ आहे. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर मातीतून पसरणाऱ्या कृमींची बाधा असलेल्यांत इन्सुलिनरोध कमी आढळला. अशा निरीक्षणात आहार, श्रम व वजन यांचा प्रभाव वेगळा काढणे कठीण असते, म्हणून तेथेच अल्बेंडाझोल हे जंतनाशक व निष्क्रिय गोळी यांची तुलना करणारी चाचणी घेण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण लोकसमूहात फरक पडला नाही. मात्र ज्यांना खरोखर कृमिबाधा होती त्यांच्यात जंतनाशकानंतर इन्सुलिनरोध वाढला. जंत ठेवावेत असा अर्थ यातून काढता येत नाही, कारण अंकुशकृमीसारखे जंत रक्तक्षय घडवतात आणि मुलांची वाढ खुंटवतात. संशोधनाचा रोख कृमींकडून त्यांच्या स्रावांतील रेणूंकडे वळला आहे. हेलिग्मोसोमॉइडीसच्या स्रावात २०१७ मध्ये सापडलेले, पोषकाच्या दाहशामक वृद्धिघटकाची नक्कल करून, प्रतिक्षम प्रतिसाद आवरणाऱ्या नियामक टी पेशी वाढवणारे प्रथिन हे त्यांपैकी एक.