स्वल्पविरामापुढची जागा कुठं गेली?

बेळगावात जावास्क्रिप्ट (वेबपानांची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकणाऱ्या पोराला बसचे थांबे अ‍ॅरेत, म्हणजे एका नावाखालच्या यादीत, भरायला आणि ‘थांबे: ’ या मजकुराला अधिकच्या चिन्हानं जोडून छापायला सांगा. स्क्रीनवर हमखास उमटतं: ‘थांबे: बेळगाव,संकेश्वर,निपाणी’. मग प्रश्न येतोच, ‘सर, मधली स्पेस कुठं गेली ओ?’ पोरगा स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. पण ती स्पेस त्याच्या जन्माआधीच गेलेली आहे.

मे 1995 मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीसाठी दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. दिसायला ती जावासारखी हवी, असा वरून आग्रह होता. अधिकचं चिन्ह बेरजेलाही आणि मजकूर जोडायलाही, ही सोय जावातही होतीच. 1996 च्या नेटस्केप 3 मध्ये अ‍ॅरेला ‘जॉइन’ मिळालं, म्हणजे सगळे घटक जोडून एक ओळ करायची सोय. दोन घटकांमध्ये काय घालायचं ते सांगितलं नाही, तर ते नुसता स्वल्पविराम घालतं, स्पेस नाही. अ‍ॅरेला मजकूर जोडला की आत गुपचूप ‘टूस्ट्रिंग’ (मजकुरात रूपांतर) चालतं आणि ते याच ‘जॉइन’ला बोलावतं.

हे बदलायचा एक प्रयत्न झालाही होता. जावास्क्रिप्ट 1.2 मध्ये, स्क्रिप्टच्या टॅगमध्ये ती आवृत्ती नोंदवली की, अ‍ॅरे चौकटी कंसासकट छापला जाई. 1.3 मध्ये ते मागे घेतलं. तोवर, 1997 साली, एक्मा या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं काढलेल्या भाषेच्या पहिल्या प्रमाणात स्वल्पविराम पक्का झाला होता. आता तो हलवला तर जुनी पानं मोडतील, म्हणून कुणी हात लावत नाही.

त्याच प्रमाणातली दुसरी खोडी मला जास्त त्रासदायक वाटते. एकट्या ‘नल’ला, म्हणजे ‘किंमतच नाही’ या खुणेला, मजकूर जोडला तर ‘नल’ हा शब्द तरी दिसतो; अ‍ॅरेत तो असला तर काहीच उमटत नाही. दोन स्वल्पविराम चिकटून आले, की छपाईचं कोड सोडा आणि आधी माहिती तपासा.

लूपमध्ये (तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) प्रत्येक नावापुढं स्वल्पविराम जोडत गेलं की शेवटी एक लोंबकळत राहतो, तोही ‘जॉइन’नं जातो. ‘जॉइन’ला स्वल्पविराम आणि स्पेस दोन्ही अवतरणात द्यायचं, बस्स. 2015 चे टेम्प्लेट लिटरल (मजकुराच्या आतच किमती भरायची सोय) वापरले तरी ही अडचण टळत नाही, कारण आत अ‍ॅरे तसाच ठेवला तर स्पेस पुन्हा गायबच.

शेवटच्या नावाआधी ‘आणि’ हवा असेल तर ‘इंटल लिस्टफॉरमॅट’ ही भाषेनुसार यादी लिहायची सोय आहे. क्रोममध्ये ते 2019 ला आलं. मराठी निवडली तर ‘बेळगाव, संकेश्वर आणि निपाणी’, कन्नड निवडली तर ‘आणि’च्या जागी ‘मत्तु’. गावांची नावं कन्नड लिपीत मात्र आपणच लिहून द्यायची.