काडतूसटंचाई (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बंदूकखरेदीची लाट आली की दुकानांतून काडतुसे नाहीशी होतात आणि कारखाने तिन्ही पाळ्यांत चालू असूनही महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, फळ्या रिकाम्याच राहतात. या स्थितीला काडतूसटंचाई म्हणतात. २००८-०९, २०१२-१३ आणि २०२०-२१ या तीन लाटा मोठ्या मानल्या जातात. ‘टंचाई’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आटलेली विहीर येते; इथे ते चित्र बाजूला ठेवावे लागते. विहिरीला पाणी नेहमीइतकेच, बहुधा थोडे जास्तच असते. गावातल्या प्रत्येकाने एकाच आठवड्यात घरावर टाकी बसवायचे ठरवलेले असते, एवढेच.

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. वस्तू चार भागांची: पितळेची पुंगळी, तिच्यात धूररहित दारू, तोंडाशी शिशाची किंवा तांब्याने मढवलेली गोळी आणि बुडाशी प्रायमर, म्हणजे ठोका बसताच ठिणगी देणारी टोपी. लाटेत अडते ते बहुधा या टोपीपाशी. तिच्यातले लेड स्टिफ्नेट हे रसायन कोरडे झाले की जरा घासले तरी भडकते, म्हणून ते ओले असतानाच हाताळावे लागते. त्यासाठी वेगळ्या इमारती, वेगळे परवाने आणि हात बसलेले कामगार लागतात. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रायमर बनवणारी नावे बराच काळ चारच राहिली: फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. बाकीच्यांनी पुंगळ्या आणि गोळ्यांचे ढीग लावले तरी टोपीसाठी यांच्याच दारात यावे लागते, आणि लाटेच्या दिवसांत हे चौघे आधी स्वतःची काडतुसे भरतात.

कायदा या खरेदीला फारसा आडवा येत नाही. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याने काडतुसांच्या विक्रीची नोंद ठेवणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले होते आणि टपालाने विक्रीवर बंदी घातली होती. १९८६च्या दुरुस्तीने यातले बरेचसे काढून टाकले. त्यामुळे बहुतेक राज्यांत वय दाखवले की पन्नास घ्या नाहीतर पाच हजार घ्या, कोणी विचारत नाही. कॅलिफोर्नियासारखे राज्य अपवाद. तिथे १ जुलै २०१९पासून काडतुसे घेतानाही खरेदीदाराची तपासणी होते. भारतात परवान्यावरच एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतील हे लिहिलेले असते. म्हणून खडकी आणि वरणगावला काडतुसांचे सरकारी कारखाने असलेल्या महाराष्ट्राला अशी झुंबड ठाऊकच नाही.

लाट कशी उठते

बराक ओबामा नोव्हेंबर २००८मध्ये निवडून आले तेव्हा बंदुकांवर निर्बंध येतील या भीतीने पहिली लाट आली. निर्बंध आले नाहीत, पण २००९चा बराचसा काळ दुकाने कोरडी गेली. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे गोळीबारात मारली गेली. महिन्याभरात न्यू यॉर्क राज्याने कडक कायदा केला, वॉशिंग्टनमध्ये नव्या विधेयकाची चर्चा सुरू झाली आणि दुसरी लाट उठली. ते विधेयक एप्रिल २०१३मध्ये सिनेटमध्ये अडले. भीतीचे कारण असे चार महिन्यांत संपले, टंचाई मात्र संपली नाही. काडतूसटंचाईचे खरे कोडे हेच आहे: कारण निघून गेल्यावरही ती का टिकते?

उत्तर दुकानाच्या दारात सापडते. सकाळी सातला शटर वर जाते. माल रात्रीच उतरलेला असतो. बाहेर आठ-दहा जण उभे असतात, बरेचसे निवृत्त, कारण कामाच्या दिवशी सकाळी सातला रांग लावणे त्यांनाच परवडते. ट्रक कोणत्या वारी येतो हे त्यांना पाठ असते. एकाला तीन डब्या अशी पाटी असते, म्हणून प्रत्येक जण तीन डब्या घेतो, ज्याला एकच हवी होती तोही. साडेसातला फळीवर फक्त किमतीच्या चिठ्ठ्या उरतात. संध्याकाळी सहाला कामावरून सुटलेला माणूस येतो, चिठ्ठ्या बघतो आणि माल येतच नाही अशी खूणगाठ बांधून घरी जातो. पुढच्या खेपेला त्याला कुठे डबी दिसली तर तो गरज नसताना उचलणार, हे त्या क्षणी ठरून जाते. माल रोज येतो, पण तो डोळ्यांनी पाहणारी माणसे रोज तीच.

कारखान्यातून निघालेली काडतुसे उडवली गेली असती तर प्रश्न वेगळा होता. ती उडवली जात नाहीत, कपाटात जातात. नेहमीच्या वर्षात नेमबाज महिन्याला जेवढे उडवतो तेवढे घेतो. लाटेत तो उडवणे कमी करतो आणि घेणे वाढवतो. काडतूस कोरड्या जागी ठेवले तर दशकानुदशके टिकते, त्यामुळे साठवणाऱ्याचे काही बिघडत नाही. दूध असते तर ही लाट चार दिवसांत ओसरली असती. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८मध्ये स्वतःला खरे ठरवणाऱ्या भाकिताची कल्पना मांडताना बुडेल या अफवेनेच बुडालेल्या बँकेचे उदाहरण घेतले होते. काडतुसांचे दुकान त्या बँकेचे सख्खे भावंड आहे.

दुकानदारही यात भर घालतो. त्याने शंभर खोकी मागितली की वितरक दहा देतो. म्हणून पुढच्या वेळी तो तीन वितरकांकडे तीनतीनशे मागतो. वितरक तीच बेरीज फुगवून कारखान्याकडे पाठवतो. पुरवठासाखळीच्या अभ्यासात याला चाबकाच्या फटक्याची उपमा देतात: मूठ थोडी हलते, टोक सपकन फिरते. कारखान्याच्या वहीतली मागणी किती खरी आणि किती तीनदा मोजलेली, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

कारखाने का वाढत नाहीत

हा प्रश्न प्रत्येक लाटेत रागाने विचारला जातो. यंत्रे आधीच चोवीस तास चालू असतात, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर नोव्हेंबर २०१६चे. हिलरी क्लिंटन निवडून येणार या हिशेबाने दुकानदारांनी आणि कंपन्यांनी माल भरून ठेवला होता. डोनाल्ड ट्रम्प जिंकले, निर्बंधांची भीती रातोरात गेली आणि खरेदी बसली. पुढची दोन-तीन वर्षे त्याच काडतुसांवर सवलतींची कुपने वाटावी लागली. रेमिंग्टनने मार्च २०१८मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्जाचा डोंगर हे त्यामागचे मोठे कारण होते, पण बसलेल्या बाजाराने त्या डोंगराला धक्का दिलाच. नव्या प्रायमरच्या इमारतीत पैसे घालायचे आणि ती उभी राहीपर्यंत लाट ओसरलेली असायची, हा धडा या धंद्यातले लोक विसरत नाहीत. त्यांना लोभी किंवा आळशी म्हणणाऱ्यांनी ही तीन वर्षे एकदा तपासून पाहावीत.

यंत्रांचीही एक अडचण आहे. यंत्रांची एक साखळी एका मापाच्या काडतुसासाठी लावलेली असते. माप बदलायचे तर साचे बदलून पुन्हा जुळवणी करावी लागते. लाटेत सगळ्या साखळ्या पिस्तुलांचे ९ मिलिमीटर आणि रायफलींचे .२२३ या खपाऊ मापांवर ठेवल्या जातात. त्यामुळे वर्षातून दोनच डब्या घेणारा हरणांचा शिकारी आपल्या रायफलीचे .३०-३० हे माप शोधत हिंडतो, आणि त्याला लाटेशी काही देणेघेणे नसते. गंमत अशी की या शिकाऱ्याच्या हरणांना लाट फळते. काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर आहे आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार तो वन्यजीव संवर्धनाला जातो. लोक घाबरले की राज्यांच्या वन्यजीव खात्यांची तिजोरी भरते.

.२२ची गोष्ट

सर्वांत लांबलेली टंचाई सर्वांत स्वस्त काडतुसाची होती. .२२ लाँग रायफल हे १८८७पासून बनणारे, करंगळीपेक्षा बारीक काडतूस. मुलांना नेमबाजी याच्यावरच शिकवतात. ५० नगांची डबी, अशा दहा डब्यांची ‘ब्रिक’, म्हणजे वीट. २०१२पूर्वी एक नग चार-पाच सेंटला पडायचा आणि दुपारभरात तीनशे उडवले तरी खिशाला कळायचे नाही. २०१३मध्ये तो दहा-पंधरा सेंटवर गेला, तोही मिळाला तर. इतर मापे २०१४पर्यंत फळीवर परतली; .२२ची चणचण २०१६च्या आसपासपर्यंत रेंगाळली.

कारण त्याच्या बांधणीत आहे. याला वेगळी टोपी नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. कामगार ओल्या पिठासारखे मिश्रण भोके पाडलेल्या पट्टीवर हाताने थापतो, भोकांत बसलेल्या इवल्या गोळ्या पुंगळ्यांत पाडल्या जातात, मग पुंगळी गरगर फिरवून मिश्रण कडेत पसरवतात. ही यंत्रे दुसऱ्या काडतुसांना चालत नाहीत आणि दुसऱ्यांची याला. एकदा उडालेली पुंगळी घरी पुन्हा भरण्याची सोयही यात नाही. वर नफा इतका बारीक की चार-पाच सेंटच्या मालासाठी नवी साखळी टाकायला कोणी धजावत नाही. दुसरीकडे हे काडतूस खाणाऱ्या बंदुका अफाट आहेत; रुगर कंपनीची १०/२२ ही एकच रायफल १९६४पासून लाखोंनी खपत आली आहे. विटेने घ्यायची सवय असलेला माणूस घाबरला की डबी घेत नाही, दहा विटा घेतो.

अफवा

रिकामी फळी कारण मागते, आणि कारखान्याची क्षमता हे कारण कोणालाच गोड लागत नाही. २०१३मध्ये गृहसुरक्षा खाते १६० कोटी काडतुसे विकत घेऊन बाजार मुद्दाम सुकवत आहे, अशी बोलवा उठली. ती काँग्रेसपर्यंत, म्हणजे अमेरिकी संसदेपर्यंत, पोचली आणि खरेदीवर लगाम घालणारे विधेयकही मांडले गेले. आकडा काही वर्षांच्या करारांच्या कमाल मर्यादांची बेरीज करून काढलेला होता. सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २०१४मध्ये अहवाल दिला: त्या खात्याची खरेदी वर्षाला सरासरी १०.९ कोटींच्या आसपास होती आणि २०१३च्या आर्थिक वर्षात उलट ८.४ कोटींवर उतरली होती. २०१३च्या अखेरीस मिसुरीतील हर्क्युलेनियम येथील शिसे वितळवणारी जुनी भट्टी बंद झाली, तेव्हा आता शिसेच संपणार अशी दुसरी आवई उठली. काडतुसांना लागणारे शिसे मुख्यतः जुन्या बॅटऱ्या वगैरे वितळवून येते, त्यामुळे या आवईतही दम नव्हता.

२०२०

तिसरी लाट आधीच्या दोघींहून मोठी होती, कारण तीत भीती एकाच जातीची नव्हती. मार्चमध्ये कोविड, उन्हाळ्यात जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतरची निदर्शने आणि जाळपोळ, नोव्हेंबरमध्ये जो बायडन यांची निवड. बंदूकखरेदीपूर्वी होणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्या २०१९मध्ये २ कोटी ८४ लाख होत्या, २०२०मध्ये ३ कोटी ९७ लाख झाल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे विक्री नव्हे, पण कल समजायला पुरेसे आहे. बंदूक उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षी ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. यातल्या प्रत्येकाने ५०च्या दोनच डब्या घेतल्या तरी ८४ कोटी काडतुसे होतात, आणि हे गिऱ्हाईक आदल्या वर्षीच्या हिशेबात कुठेच नव्हते.

योगही वाईट जुळून आले. वॉलमार्टने टेक्सासमधील एल पासो येथील आपल्या दुकानात ऑगस्ट २०१९मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर पिस्तुलाची काडतुसे विकणे थांबवले होते. बाजारातला आपला वाटा सुमारे २० टक्क्यांवरून ६ ते ९ टक्क्यांवर येईल, असे तिनेच सांगितले होते. रेमिंग्टनने जुलै २०२०मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरी जाहीर केली, म्हणजे चौघांतला एक ऐन गर्दीत आडवा झाला. तिचा आर्कान्सामधील लोनोक येथील काडतूस कारखाना ऑक्टोबरमध्ये तेव्हा फेडरल आणि सीसीआयची मालक असलेल्या व्हिस्टा आउटडोअरने ८ कोटी १४ लाख डॉलरला घेतला. वर्षाच्या अखेरीस व्हिस्टाकडे १ अब्ज डॉलरहून जास्त मालाची मागणी तुंबली होती. गुप्त गोदामात माल दडवलेला नाही, हे फेडरलच्या प्रमुखांना चित्रफितीतून सांगावे लागले. २०२१च्या आरंभी १८-२० सेंटचे ९ मिलिमीटर काडतूस ६० ते ८० सेंटला विकले जात होते.

दुकानदाराने पहिल्याच दिवशी भाव चौपट केले असते तर फळी रिकामी झाली नसती, असे अर्थशास्त्र शिकवते आणि ते खरे आहे. पण दुकानदाराला त्याच गावात पुढची वीस वर्षे काढायची असतात. ज्यांनी भाव चढवले त्यांची नावे गिऱ्हाइकांनी लक्षात ठेवली. म्हणून भाव दुकानात जपून वाढतो आणि मधला नफा सातला रांग लावणाऱ्याच्या खिशात जातो; तो त्याच तीन डब्या शनिवारी बंदुकांच्या जत्रेत दुप्पट-तिप्पट भावाने मांडतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांना ही सारी यंत्रणा बंदुकीला हात न लावता कळलेली आहे. २० जुलै २०२३ रोजी भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि त्या शनिवार-रविवारी तिथल्या भारतीय किराणा दुकानांत सोना मसुरीसाठी रांगा लागल्या. दुकानांत आणि वाटेवर तांदूळ होताच. एका कुटुंबाला एक पोते अशी पाटी लागली आणि ज्यांच्या घरी अर्धे पोते शिल्लक होते तेही रांगेत उभे राहिले. फरक एवढाच की तांदूळ शिजवून संपतो.

काडतुसे तशी संपत नाहीत. २०१३च्या लाटेतल्या विटा आजही तळघरांत आणि गॅरेजात आहेत. मालक गेल्यावर मुले घरातल्या जुन्या वस्तूंची विक्री लावतात तेव्हा त्या बाहेर येतात, वेष्टन न फोडलेल्या, दुकानाच्या किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली.