अमेरिकेतले सेक्रेटरी ऑफ स्टेट: दप्तरातून निवडणुकीत आलेले पद

टेक्सासमध्ये राहणाऱ्या मुलीला पुण्यातला फ्लॅट विकण्यासाठी भावाच्या नावे मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर ती आधी तिथल्या नोटरीसमोर सही करते आणि मग तो कागद ऑस्टिनला, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात पाठवते. तिथून त्याला अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा परदेशात चालणारा दाखला, जोडून मिळते. राज्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना किती मते पडली, याची एकत्रित बेरीजही हेच कार्यालय करते. नवीन कंपनीची नोंद इथेच होते आणि नोटरीची नेमणूकही इथूनच. इतकी वेगवेगळी कामे एका दारात का आली, हे कळले की अमेरिकेतल्या निवडणुकांचे बरेच वाद उलगडतात.

वॉशिंग्टनमधले सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे देशाचे परराष्ट्रमंत्री. त्यांचा या राज्य पातळीवरच्या अधिकाऱ्यांशी वरिष्ठ-कनिष्ठ असा काही संबंध नाही. ५० पैकी ४७ राज्यांत हे पद आहे. अलास्का, हवाई आणि युटा इथे ते नाही आणि त्यातली बरीच कामे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे राज्यप्रमुख गव्हर्नरचे उपप्रमुख, पाहतात. ३५ राज्यांत मतदार सेक्रेटरीला थेट निवडून देतात, नऊ राज्यांत गव्हर्नर नेमतो आणि मेन, न्यू हॅम्पशायर व टेनेसी या तीन राज्यांत विधिमंडळ निवडते. आपल्याकडे ही कामे विखुरलेली आहेत: लोकसभा-विधानसभा निवडणुका निवडणूक आयोगाकडे, महापालिका-जिल्हा परिषदा राज्य निवडणूक आयोगाकडे, कंपन्या केंद्राच्या रजिस्ट्रारकडे, दस्त नोंदणी व मुद्रांक विभागाकडे. त्यामुळे मराठी वाचकाला हे पद पहिल्यांदा गोंधळात टाकते.

मूळ काम: नोंद आणि शिक्का

पदाची मुळे ब्रिटिश वसाहतींच्या काळात आहेत. वसाहतीच्या सेक्रेटरीने सभेचे ठराव लिहून ठेवायचे, सनदा जपायच्या आणि अधिकृत कागदांवर शिक्का मारायचा. कनेक्टिकटमध्ये १६८७ साली राजाचा प्रतिनिधी अँड्रॉस वसाहतीची सनद ताब्यात घ्यायला आला. सनद ओकच्या ढोलीत लपवल्याची गोष्ट तिकडे आजही सांगतात. ती दंतकथा मानली, तरी सेक्रेटरी जॉन ॲलिन यांनी सत्तांतराची नोंद वसाहतीच्या वहीत केली आणि खाली ‘फिनिस’, म्हणजे समाप्त, असे लिहिले, ही नोंद खरी आहे. सरकार गेले, पण त्याचा शेवटचा दिवससुद्धा वहीत चढवणे हे त्या माणसाचे काम होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यांनी पद तसेच ठेवले. राज्याचा महाशिक्का सेक्रेटरीच्या ताब्यात राहिला आणि कायद्यांच्या मूळ प्रती त्याच्या कपाटात. काय खरे आणि काय योग्य हे ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता. समोर आलेला कागद नमुन्यात बसतो का ते पाहायचे, बसत असेल तर नोंदवायचा आणि मागितला की प्रमाणित प्रत द्यायची. पुढे कितीही कामे वाढली, तरी कायद्याची अपेक्षा बहुतांशी हीच राहिली आहे.

अपोस्टिल हे त्या जुन्या शिक्क्याचे आजचे रूप. १९६१ च्या हेग करारात अमेरिका १९८१ साली आणि भारत २००५ साली आला. अपोस्टिलवर दहा क्रमांकित रकाने असतात: देश, सही कोणाची, सही करणाऱ्याचे पद, शिक्का कोणाचा, ठिकाण, तारीख, देणारा अधिकारी, क्रमांक, त्याचा शिक्का आणि सही. कागदातला मजकूर खरा आहे, असे त्यात कुठेही म्हटलेले नसते. सही आणि शिक्का खरा, एवढेच. लोकांचे अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा साध्या कारणांनी. इस्पितळाने हौसेने दिलेला, पावलांचे ठसे असलेला जन्मदाखला चालत नाही. तो राज्याच्या किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) निबंधकाचा लागतो. कॅलिफोर्नियातल्या दाखल्याला टेक्सासचे अपोस्टिल मिळत नाही. एफबीआयचा चारित्र्य दाखला संघराज्याचा, म्हणून तो वॉशिंग्टनला जातो. न्यूयॉर्कमध्ये नोटरीची सही आधी काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करावी लागते. काही राज्यांत हे काम दुसऱ्याच खात्याकडे आहे; न्यू जर्सीत ते अर्थखात्यात चालते. आणि मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचले की तीन महिन्यांच्या आत त्याचे मुद्रांक शुल्क भरायचे असते. ते राहिले तर अपोस्टिल असूनही काम अडते.

कंपन्या आणि कर्जाच्या नोंदी

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनी काढायची तर विधिमंडळाकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. म्हणजे ओळख हवी आणि बहुधा पैसेही. न्यूयॉर्कने १८११ साली उत्पादक कंपन्यांसाठी सर्वसाधारण कायदा केला: पाच किंवा अधिक माणसे, एक लाख डॉलरपर्यंत भांडवल, २० वर्षांची मुदत, आणि सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे दाखल केलेले प्रमाणपत्र. राजकीय मर्जीवर चालणारी गोष्ट अर्ज भरण्यावर आली. माझ्या मते या पदाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी पायरी आहे. डेलावेअरने १८९९ मध्ये स्वतःचा कंपनी कायदा आणला आणि आज त्या चिमुकल्या राज्याच्या दप्तरात २० लाखांहून अधिक संस्था नोंदलेल्या आहेत.

कर्जाच्या तारणाची नोंदही इथेच होते. यंत्रे, माल किंवा येणे रक्कम तारण ठेवून कर्ज दिले की सावकार यूसीसी-१ हा अर्ज दाखल करतो. त्याची मुदत पाच वर्षे. ती संपण्याआधीच्या सहा महिन्यांत नूतनीकरण केले नाही तर नोंद आपोआप गळते. हे सहा महिने सुरू होण्याच्या महिनाभर आधी घाई करून भरलेला अर्जसुद्धा लागू होत नाही. दुसरा धोका नावाचा. कर्जदाराच्या खऱ्या नावाने कार्यालयाच्या ठरलेल्या पद्धतीने शोध घेतला आणि नोंद सापडली नाही, तर ती निरुपयोगी ठरते. कॅन्ससमधल्या एका शेतकऱ्याच्या २००४ च्या दिवाळखोरी प्रकरणात ‘टेरन्स’ ऐवजी ‘टेरी’ लिहिल्यामुळे सावकाराचे तारण गेले. पुढे बहुतेक राज्यांनी वाहन परवान्यावर आहे तेच नाव, असा नियम केला.

कार्यालय कागद तपासते, हेतू तपासत नाही, याचे सर्वांत महागडे उदाहरण २००८ चे. जनरल मोटर्सचे सुमारे ३० कोटी डॉलरचे एक कर्ज फेडले गेले आणि त्याच्या नोंदी रद्द करायच्या होत्या. वकिलांच्या यादीत एक नोंद चुकून जास्तीची आली. तिच्यावर दीड अब्ज डॉलरचे वेगळेच कर्ज उभे होते. कर्ज देणाऱ्या जेपीमॉर्गन बँकेसह दोन्ही बाजूंच्या वकिलांनी कागद पाहिले, कोणाच्याही लक्षात आले नाही, आणि डेलावेअरच्या दप्तरात ती नोंद रद्द झाली. असे करायचे नव्हते, हे सगळ्यांना मान्य होते. तरी २०१५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने म्हटले की दाखल करण्याला संमती होती, म्हणून रद्द झाले ते झाले.

मतपत्रिका सरकारी झाली तेव्हा

निवडणूक या दप्तरात आली ती मतपत्रिकेच्या वाटेने. १८८० च्या दशकापर्यंत सरकार मतपत्रिका छापत नसे. पक्ष आपापल्या रंगाच्या चिठ्ठ्या छापत, कार्यकर्ते त्या मतदाराच्या हातात देत आणि तो त्या सर्वांसमोर पेटीत टाकी. कोणी कोणाला मत दिले हे मालकाला आणि गावाला दिसे. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने राज्यभर ऑस्ट्रेलियन पद्धत स्वीकारली: सरकारने छापलेली, सर्व उमेदवारांची एकच मतपत्रिका, आडोशात खूण करायची. पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांनी तीच वाट धरली.

मतपत्रिका सरकारी झाली की तिच्यावर कोणाची नावे यायची, हे कोणीतरी ठरवायला हवे. अर्ज मुदतीत आला का, सह्या पुरेशा आहेत का, पक्षाचा दाखला जोडला आहे का, हे पाहायला कागद तपासण्याची सवय असलेले कार्यालय आधीच होते. जनतेच्या पुढाकाराने कायदे करण्याची सोय ओरेगनने १९०२ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये केली, तेव्हा त्या सह्यांचे गठ्ठेही इथेच आले. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटी ५०० किंवा तीन टक्के, यांपैकी जास्त असेल तेवढ्या सह्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तपासते. राज्याचा हिशेब गरजेच्या ९५ टक्क्यांखाली गेला तर प्रस्ताव पडतो, ११० टक्क्यांवर गेला तर मान्य होतो आणि मध्ये अडकला तर एकेक सही मोजावी लागते.

प्रत्यक्ष मतदान मात्र सेक्रेटरी घेत नाही. केंद्रे, कर्मचारी, यंत्रे, मोजणी हे सगळे काउंटीकडे असते, तर न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांत, गावाकडे. मतदानाच्या रात्री टीव्हीवर दिसतात ते आकडे अनधिकृत. त्यानंतर काउंटीचे मंडळ ताळा करते: केंद्रावरच्या वहीत किती सह्या, पेटीत किती मतपत्रिका, फरक का, यादीत नाव न सापडलेल्यांना दिलेल्या तात्पुरत्या मतपत्रिकांपैकी किती ग्राह्य. मग राज्याची बेरीज होते. परदेशातल्या नागरिकांना संघीय निवडणुकीची मतपत्रिका ४५ दिवस आधी पाठवणे २००९ च्या कायद्याने बंधनकारक केले, त्यामुळे उमेदवारांची यादी त्याच्याही आधी पक्की करावी लागते. न्यायालयाने उशिरा एखादे नाव काढले की छापून झालेले गठ्ठे रद्दीत जातात.

फ्लोरिडा, मग यादी

हे पद जगाला दिसले ते नोव्हेंबर २००० मध्ये. फ्लोरिडात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बुश आणि गोर यांच्यातला फरक काहीशे मतांचा होता. सेक्रेटरी कॅथरिन हॅरिस निवडून आलेल्या होत्या आणि बुश यांच्या राज्यातल्या प्रचार समितीच्या सहअध्यक्षही होत्या. काउंट्यांनी निकाल १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचे होते. कायद्याच्या एका कलमात उशिरा आलेले आकडे ‘वगळावेत’ असे होते, लगतच्या कलमात ‘वगळता येतील’ असे. हॅरिस यांनी वगळण्याचा निर्णय घेतला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मुदत २६ नोव्हेंबरपर्यंत वाढवली, आणि त्या दिवशी ५३७ मतांचा फरक प्रमाणित झाला. पाम बीच काउंटीची हाताने पुनर्मोजणी मुदतीनंतर काही तासांनी संपली, म्हणून ती धरली गेली नाही. १२ डिसेंबरला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढची मोजणी कायमची थांबवली. फ्लोरिडातले हे पद २००३ पासून नेमणुकीचे झाले, पण तो बदल मतदारांनी १९९८ मध्येच मंजूर केला होता. २००० च्या गोंधळाचा तो परिणाम नव्हे.

२००२ च्या संघीय कायद्याने मतदारयादी काउंटीकडून उचलून राज्याकडे दिली: एकच संगणकीकृत यादी, आणि ज्याचे नाव सापडत नाही त्याला तात्पुरती मतपत्रिका. यादीतून नावे वगळण्याचे नियम मात्र १९९३ च्या कायद्यातले. पत्ता बदलल्याचा संशय असेल तर पोस्टेज भरलेले उत्तरपत्र पाठवायचे. उत्तर नाही आणि पुढच्या दोन संघीय सार्वत्रिक निवडणुकांत मतदानही नाही, तरच नाव काढता येते. संघीय निवडणुकीच्या आधीचे ९० दिवस घाऊक सफाई बंद. बिघडते ते नावे जुळवताना. जॉर्जियात २०१८ मध्ये अक्षरन्‌अक्षर जुळण्याच्या नियमामुळे ५० हजारांहून अधिक अर्ज लटकले. संयोगचिन्ह किंवा एखादे अक्षर वेगळे असणेही त्यासाठी पुरे होते. त्या वेळी सेक्रेटरी असलेले ब्रायन केंप स्वतः गव्हर्नरपदाचे उमेदवार होते आणि मतदान होऊन गेल्यावर त्यांनी पद सोडले. त्याच वर्षी कॅन्ससचे सेक्रेटरी क्रिस कोबाक यांनी गव्हर्नरपदाची पक्षांतर्गत निवडणूक साडेतीनशेहून कमी मतांनी जिंकली. अशा वेळी मोजणी शंभर टक्के चोख असली तरी हरलेल्याला ती पटवून देता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. २०२० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर जॉर्जियात सेक्रेटरी ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांनी सुमारे ५० लाख मतपत्रिका हाताने मोजून घेतल्या. त्यात एका काउंटीत सुमारे २,६०० मतपत्रिका स्कॅनच झाल्या नव्हत्या आणि दुसरीत मेमरी कार्डावरची २,७०० हून अधिक मते बेरजेत चढली नव्हती, असे दिसले. या चुका माणसांच्या होत्या, तपासणीने त्या पकडल्या आणि निकाल बदलला नाही. शेवटी बायडेन ११,७७९ मतांनी पुढे राहिले. २ जानेवारी २०२१ ला हरलेले राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फोनवर ११,७८० मते शोधायला सांगितले, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या या सेक्रेटरींनी नकार दिला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत राज्याच्या विधिमंडळाने सेक्रेटरीला निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून काढले आणि त्यांचे मतही काढून घेतले.

मग हे काम मंडळाकडे द्यावे का? न्यूयॉर्क, इलिनॉय, नॉर्थ कॅरोलायना इथे ते पूर्वीपासून मंडळाकडे आहे. विस्कॉन्सिनमध्ये सेक्रेटरीकडून निवडणुका १९७० च्या दशकात गेल्या आणि आज सहा सदस्यांचा आयोग त्या पाहतो. तीन विरुद्ध तीन झाले की निर्णय अडतो. कोलोरॅडोने निवडणूक सेक्रेटरीकडेच ठेवली, पण २०१७ पासून राज्यभर नमुना लेखापरीक्षण सुरू केले. त्यासाठी लोकांसमोर दहा बाजूंचा फासा २० वेळा टाकतात, त्या आकड्यांवरून तपासायच्या मतपत्रिका ठरतात आणि यंत्राची नोंद कागदाशी ताडून पाहिली जाते. फासे टाकताना कोणालाही समोर उभे राहता येते. संघीय निवडणुकीचे सगळे कागद त्यानंतर २२ महिने जपून ठेवावे लागतात.