पार्श्वभूमी : बडोद्याच्या रसायन पुरवठादारांवर जबाबदारी कशी येत गेली

बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या पन्नास-साठ माणसांच्या कारखान्यात हल्ली ग्राहकाकडून प्रश्नावली येते. पाणी किती वापरले, गाळ कुठे पाठवला, ठेकेदाराच्या माणसांचा पगार बँकेत जमा होतो का, वर्षभरात अपघात किती झाले? विचारणारी कंपनी मुंबईची असते, नाहीतर जर्मनीची. बरेच मालक याला नवे झंझट समजतात. प्रत्यक्षात या प्रश्नांमागे चाळीसेक वर्षांची घडामोड आहे आणि तिचे बरेच धागे बडोद्याच्या आसपासच सापडतात.

बडोद्यात रसायनशास्त्र आले ते सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनातून. तिथले त्रिभुवनदास गज्जर, त्यांच्यासोबत प्रा. कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक ही रसायन-औषध कंपनी उभी केली. पुढे कोयलीची रिफायनरी (१९६५), जीएसएफसी (खते) आणि आयपीसीएल (पेट्रोकेमिकल) आल्या. रावपुरा, दांडिया बाजारातल्या कितीतरी मराठी घरांतली माणसे या कारखान्यांत केमिस्ट, शिफ्ट-इनचार्ज, सेफ्टी ऑफिसर झाली. मोठ्या कारखान्यांभोवती आणि गुजरातभरच्या रंग-औषध उद्योगासाठी लहान युनिटे वाढली. त्यातली अनेक एकच पायरी करतात: कोणी नायट्रेशन (नायट्रिक आम्लाची प्रक्रिया), कोणी सल्फोनेशन (गंधकाम्लाची प्रक्रिया), कोणी नुसते वाळवणे-दळणे. ही विभागणी लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही, कारण जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून मजुरीवर करून घ्यायला, बाहेर जाते ती बहुधा सगळ्यात घाण पायरी.

एच-ॲसिडचेच पाहा. कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगांत ते लागते. नॅप्थलीनचे सल्फोनेशन, मग नायट्रेशन, मग चुन्याने आम्ल मारणे, लोखंडाच्या भुकटीने रिडक्शन, दाबाखाली कॉस्टिक फ्युजन (कॉस्टिक सोड्याबरोबर तापवणे) आणि शेवटी आम्ल घालून माल खाली बसवणे. चुन्यातून जिप्सम निघते, लोखंडातून काळा गाळ निघतो आणि उरलेले गडद पाणी जिवाणूंना सहज पचत नाही. राजस्थानातल्या बिछडी गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले आकडे बोलके आहेत: ३७५ टन एच-ॲसिडमागे २,४४० टन गाळ आणि ८,२५० घनमीटर सांडपाणी. म्हणजे टनामागे साडेसहा टन गाळ. गावच्या विहिरी नासल्या. १९९६ च्या निकालात न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व ठामपणे लागू केले. पण भरायचे कारखानदाराने. त्याचा माल घेणाऱ्यांचा त्यात उल्लेख नव्हता.

कायद्याचा सगळा रोख तसाच होता. १९७४ चा जल कायदा कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळीच्या तोंडाशी थांबतो. बडोद्याने १९८३ मध्ये सांडपाण्यासाठी सुमारे ५६ किलोमीटरचा कालवा चालू केला, धनोऱ्यापासून खंभातच्या आखाताकडे. त्या काळात ही मोठी सोय होती. पण सामायिक कालव्यात एकाने सोडलेले दुसऱ्याच्या पाण्यात मिसळते आणि दोष कोणाचा, हे नमुन्यावरून सांगणे कठीण होते. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती आणि १९८९ चे घातक कचऱ्याचे नियम आले. तिन्हींनी जबाबदार धरले ते परवानाधारकाला.

खरेदीदार चित्रात आला तो दुसऱ्या वाटेने. कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर १९९४ मध्ये जर्मनीने निर्बंध आणले आणि रंगाच्या डब्याबरोबर तपासणीचा दाखला मागितला जाऊ लागला. १९९७ मध्ये भारतानेही अशा ७० रंगांवर बंदी घातली. कामगारांच्या बाजूने लेव्ही स्ट्रॉस या कपड्यांच्या कंपनीने १९९१ मध्ये पुरवठादारांसाठी अटी लिहिल्या आणि १९९७ मध्ये एसए ८००० हे कामगारांच्या वागणुकीचे मानक आले. औषध कंपन्यांनी २००६ मध्ये पुरवठादारांसाठी सामायिक तत्त्वे ठरवली. २०११ मध्ये सहा युरोपीय रसायन कंपन्यांनी एकमेकींनी केलेली पुरवठादारांची ऑडिटे (तपासण्या) मान्य करायची व्यवस्था केली आणि त्याच वर्षी ग्रीनपीसच्या मोहिमेनंतर कपड्यांच्या ब्रँडांनी घातक रसायने हटवण्यासाठी झेडडीएचसी ही संघटना स्थापन केली. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची ऑडिटे आधी झालेली होती. त्यानंतर ऑडिटच्या कागदावरचा विश्वास पूर्वीसारखा राहिला नाही आणि तो राहू नये हेच योग्य.

कागद का फसतो, हे रसायन कारखान्यात स्पष्ट दिसते. ऑडिटर आधी तारीख कळवून येतो आणि दोन दिवसांत जातो. तेवढ्यासाठी ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) स्वच्छ ठेवता येते. म्हणून एका कागदाची दुसऱ्याशी गाठ घालून पाहावी लागते. एक टन लोखंड भुकटी रिडक्शनमध्ये गेली की हिशेबाने सुमारे १.४ टन कोरडा लोह-ऑक्साइड निघतो. ओला गाळ त्याहून जास्त. दहा टनांची खरेदी आणि फॉर्म १० च्या (घातक कचरा पाठवल्याच्या) चलनांवर चार टन गाळ असेल, तर उरलेला कुठे आहे ते विचारायचे. आवारात पडून असेल तर साठवणीची नव्वद दिवसांची मर्यादाही बघायची. ईटीपीतल्या जिवाणूंना हवा देणारा साडेसात किलोवॅटचा ब्लोअर चोवीस तास चालला तर १८० युनिटे लागतात. त्याच्या मीटरवर रोज चाळीस पडत असतील, तर तो जेमतेम पाच तास चालतो. सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचे एक माप) कमी दिसला म्हणून खूश व्हायचे नाही. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातला क्लोराइड तपासायचा. जिवाणू क्लोराइड खात नाहीत. तो निम्मा झाला असेल, तर ताजे पाणी मिसळले आहे.

माणसांच्या बाबतीतही तेच. हजेरीपट, पीएफचे चलन आणि गेटचे रजिस्टर तर पाहायचेच, पण खरे उत्तर बॅचशीटवर, म्हणजे प्रत्येक घाण्याच्या नोंदपत्रावर, मिळते. तिसऱ्या पाळीच्या तापमानाच्या नोंदीखाली ज्याची सही आहे, तो हजेरीपटावर नसेल, तर ठेकेदाराचे दुसरे रजिस्टर आहे. अपघात झाला की नोंद नसलेला हाच माणूस ईएसआय या कामगार विम्याबाहेर राहतो.

एवढे करून दोष सापडला तरी पुढची अडचण पैशाची. लोखंडाऐवजी उत्प्रेरक वापरून हायड्रोजनेशन केले, तर काळा गाळ जवळजवळ संपतो. पण दाबाचे भांडे, उत्प्रेरक आणि हायड्रोजनची सुरक्षा यांचा खर्च लहान युनिटाला एका वर्षाच्या ऑर्डरवर पेलत नाही. ग्राहकाचा सस्टेनेबिलिटी विभाग सुधारणा मागतो आणि त्याच महिन्यात खरेदी विभाग किलोमागे भाव पाडून मागतो. पुरवठादार गप्प बसून दोघांनाही हो म्हणतो आणि गाळ रात्री जातो. दोष फक्त त्याच्या माथी मारणे अन्याय आहे.

जर्मनीचा २०२३ पासूनचा पुरवठा साखळी कायदाही मुख्यतः थेट पुरवठादाराकडे पाहतो; त्यापलीकडे ठोस माहिती मिळाली तरच. आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक सेबीने २०२१ मध्ये बीआरएसआर (कंपन्यांनी द्यायचा पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा अहवाल) आणले आणि २०२३ मध्ये त्यात साखळीतल्या भागीदारांची माहिती घातली. ती पहिल्या २५० नोंदणीकृत कंपन्यांकडून २०२४-२५ पासून अपेक्षित होती, पण नंतर वर्षभर पुढे ढकलून ऐच्छिक झाली. भागीदार म्हणजे खरेदी किंवा विक्रीत किमान दोन टक्के वाटा असलेला. एखाद्या मोठ्या औषध कंपनीच्या खरेदीत जॉबवर्क युनिटाचा वाटा दोन टक्के क्वचितच होतो. शिवाय बराच माल व्यापाऱ्यामार्फत फिरतो आणि बिलावर फक्त त्याचे नाव येते. मूळ कारखाना शोधायचा तर बॅच नंबर आणि विश्लेषणाचा दाखला मागावा लागतो. ही अट खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहिलेली असेल, तरच व्यापारी तो देतो.