साठ हजारची गोळी आणि रोजची गोळी

मिरजेला हाडांच्या डॉक्टरांना दाखवून गावी परतणाऱ्या कितीतरी पिशव्यांत दोन औषधं शेजारी शेजारी असतात. एक कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी, दुसरी चार कॅप्सूल किंवा पावडरीच्या चार पुड्या. घरात निरोप मात्र एकच पोचतो, 'दोन्ही हाडांच्याच आहेत.' घोळ तिथूनच सुरू होतो.

चार कॅप्सूलवाली ती 'साठ हजारची'. तिच्या एका कॅप्सूलमध्ये ६०,००० युनिट ड जीवनसत्त्व असतं. कॅल्शियमच्या गोळीतही बहुधा तेच ड जीवनसत्त्व घातलेलं असतं, पण २५० किंवा ५०० युनिट. द्रव्य एकच, कोलेकॅल्सिफेरॉल. मात्रेत शंभर पटींहून जास्त फरक. म्हणून छोटी रोज घ्यायची आणि मोठी आठवड्यातून एकदाच.

ड जीवनसत्त्व चरबीत साठतं. यकृतात त्याचं जे रूप तयार होतं (रक्ततपासणीत मोजतात ते हेच) ते रक्तात दोन-तीन आठवड्यांनी कुठं निम्मं होतं. त्यामुळं एक मोठी मात्रा आठवडाभर सहज पुरते. पण याच गुणामुळं चूक झाली तर तीही लवकर निस्तरत नाही. बी कॉम्प्लेक्स जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, ड तसं जात नाही.

निरोगी प्रौढानं स्वतःहून दिवसाला ४,००० युनिटच्या वर जाऊ नये, असं मानतात. साठ हजारची रोज घेतली तर ते पंधरा पट झालं. असं काही आठवडे चाललं की रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, बोलण्यात गोंधळ, पुढं मूत्रपिंडावर ताण. सत्तरीच्या आजीला हे झालं की घरचे 'वय झालं' म्हणतात, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. गोळी थांबवली तरी साठा उतरायला आठवडे, कधी महिने लागतात.

उलटी चूक, म्हणजे कॅल्शियमची गोळी आठवड्यातून एकदा, ती घातक नाही. तिचा फक्त उपयोग होत नाही.

काही जण म्हणतात, मग वर्षाची मात्रा एकदमच का घेऊ नये? ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले. २०१० साली निष्कर्ष आले, तेव्हा त्यांच्यात पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, घटलेलं नाही.

साठ हजारची हा कमतरता भरून काढायचा उपचार आहे, बहुधा आठ ते बारा आठवड्यांचा. त्यानंतर डॉक्टर रोजच्या छोट्या मात्रेवर आणतात किंवा मोठी महिन्यातून एकदा देतात. चिठ्ठी जुनी झाल्यावर मेडिकलमधून 'तीच द्या' म्हणून पुन्हा आणू नका. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

वार लक्षात राहावा म्हणून गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी असतो तो दिवस ठरवा. त्या दिवशी जेवणानंतर किंवा दुधाबरोबर घ्या, स्निग्ध पदार्थासोबत ती नीट शोषली जाते. पट्टीवर पेनानं वार लिहा आणि ती कॅल्शियमच्या डब्यात ठेवू नका.