८-बिट गेम परत कसे आले

'शॉव्हल नाइट' हा गेम पहिल्यांदा बघणाऱ्याला तो १९८८-८९ सालचा वाटतो. निळ्या चिलखतातला, हातात फावडं घेतलेला बुटका योद्धा, मोजके भडक रंग, पिपाणीसारख्या आवाजातलं वेगवान संगीत. प्रत्यक्षात तो २६ जून २०१४ रोजी बाजारात आला. आणि निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या ज्या जुन्या यंत्रासाठी तो बनवलाय असं वाटतं, त्या यंत्रावर तो चालूच शकला नसता. जुनं काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं याचा त्यामागे फार बारकाईने विचार झालेला आहे. रेट्रो गेम, म्हणजे जुन्या रूपातले असे नवे गेम, हा जुन्या आठवणींवर केलेला धंदा आहे, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. या गेम्सची खरी गोष्ट या निवडीत आहे.

ती समजण्यासाठी आधी मूळ यंत्र बघायला हवं. निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा ८-बिट (एका वेळी माहितीचे आठच बिट हाताळणारा) गेम-संच आणला. दोन वर्षांनी तोच अमेरिकेत एनईएस या नावाने गेला. कामाची मेमरी २ केबी (किलोबाइट). पडद्यावर २५६ गुणिले २४० ठिपके. एकूण पन्नासेक रंग, पण एका वेळी पडद्यावर त्यातले फार तर २५. हलणारं प्रत्येक चित्र ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या तुकड्यांतून जोडायचं, आणि अशा एका तुकड्याला रंग मिळायचे फक्त तीन. 'मेगा मॅन'च्या चित्रकारांना तीन रंग पुरेनात, म्हणून त्यांनी नायकाचा चेहरा वेगळा तुकडा करून अंगावर चढवला. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० केबीत बसवलेला आहे. त्यातले ढग आणि झुडपं एकाच चित्राची आहेत, नुसता रंग बदललेला.

सर्वांत जाचक नियम आडव्या ओळीचा होता. पडद्याच्या एका आडव्या ओळीवर हे यंत्र असे आठच तुकडे दाखवू शकायचं. नववा आला की तो गायब. मग प्रोग्रामर मंडळींनी तोडगा काढला: दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, वेगळा तुकडा गाळायचा, म्हणजे कुणीच कायमचं नाहीसं होत नाही, सगळे थोडे थोडे लुकलुकतात. 'काँट्रा' या गोळीबाराच्या गेममध्ये गोळ्यांचा पाऊस सुरू झाला की जे लुकलुकायचं, त्यामागे हेच होतं.

'काँट्रा' हे नाव आपल्याकडे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत टीव्हीला जोडायचा 'व्हिडिओ गेम' आला, तो बहुतेक वेळा फॅमिकॉमची स्वस्त नक्कल असायचा. सोबत पिवळ्या कॅसेट, त्यावर छापलेले '९९९९ इन १' असले आकडे, आत मात्र तेच पाचपन्नास गेम फिरवून फिरवून टाकलेले. कॅसेट अडली की काढून फुंकर मारायची. फॅमिकॉम हे नाव कानावरही न पडलेली एक मोठी पिढी त्याच यंत्राच्या मर्यादांमध्ये वाढली. म्हणूनच जपान-अमेरिकेबाहेरच्या लोकांनाही ही शैली परकी वाटत नाही.

तिकडे मात्र तोवर वारं फिरलं होतं. डिसेंबर १९९४ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन आला, १९९६ मध्ये निन्टेन्डो ६४. त्रिमितीत फिरता येतंय म्हटल्यावर सपाट चित्रांचा गेम मागासलेला ठरला. ठिपक्या-ठिपक्याने चित्र काढणारे हात गेम बॉय ॲडव्हान्ससारख्या हातातल्या लहान यंत्रांकडे वळले. ही कला बाद झाली ती कुवत संपली म्हणून नव्हे, दुकानातल्या खोक्यावरचं चित्र जुनं दिसतं म्हणून. मला यात तोटाच दिसतो, कारण १९९५-९६ पर्यंत सपाट गेम नुकते कुठे पूर्ण बहरात आले होते.

परतीची वाट एका माणसाने दाखवली. जपानच्या दाइसुके अमाया याने 'पिक्सेल' या टोपणनावाने, फावल्या वेळात, सुमारे पाच वर्षं खपून 'केव्ह स्टोरी' बनवला आणि डिसेंबर २००४ मध्ये तो फुकट वाटला. कथा, चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग, सगळं एकट्याचं. चाहत्यांनी तो इंग्रजीत आणला आणि तो जगभर पसरला. एका माणसाला पेलेल असा पूर्ण गेम या शैलीतच शक्य आहे, हे त्याने सिद्ध केलं. त्रिमिती गेमला पन्नास-शंभर माणसांची फौज लागते. ठिपक्यांचा नायक एकटा माणूस रात्री जागून काढू शकतो. 'गेममेकर'सारखी गेम बनवायची साधनं याच सुमारास हाताशी आली, आणि इंटरनेटवरची दुकानं उघडल्यावर कॅसेट छापायचा आणि दुकानदाराला पटवायचा खर्चही वाचला.

मोठ्या कंपन्यांनी याची दखल २००८ मध्ये घेतली. 'मेगा मॅन' बनवणाऱ्या कॅपकॉमने 'मेगा मॅन ९' काढला तो जाणूनबुजून वीस वर्षांपूर्वीच्या रूपात. त्यात एक पर्याय होता: चालू केला की जुनं लुकलुकणं परत यायचं. जो दोष टाळायला लोकांनी जिवाचं रान केलं, तो आता हौस म्हणून चालू-बंद करायचं बटण झाला.

इथून पुढे 'शॉव्हल नाइट'. वेफॉरवर्ड या कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी शॉन व्हेलास्को यांच्या दिग्दर्शनाखाली यॉट क्लब गेम्स ही नवी कंपनी काढली. २०१३ च्या वसंतात त्यांनी किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर ७५ हजार डॉलर मागितले. मिळाले ३ लाख ११ हजारांवर. पैसे देणाऱ्यांना कबूल केलेले जादा भाग पूर्ण करायला त्यांना डिसेंबर २०१९ उजाडला, पण ते त्यांनी केले, आणि आधीच गेम घेतलेल्यांकडून त्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

त्यांनी पाळलेले आणि मोडलेले नियम जवळून बघण्यासारखे आहेत. रंग एनईएसचेच, त्यात मोजकीच भर. उंची तीच २४० ठिपके, पण रुंदी ४००, कारण आताचे टीव्ही रुंद आहेत. लुकलुकणं पूर्ण बंद. मागचे डोंगर आणि ढग वेगवेगळ्या गतीने सरकतात, ते जुन्या यंत्राला सहज जमलं नसतं. संगीतात तर विलक्षण काटेकोरपणा. जपानी फॅमिकॉमच्या काही कॅसेटमध्ये कोनामी या गेम कंपनीची व्हीआरसी६ नावाची जादा चिप असायची, तिच्यामुळे तीन आवाज वाढायचे. अमेरिकी यंत्रात ती सोयच नव्हती. 'शॉव्हल नाइट'चे संगीतकार जेक कॉफमन यांनी सगळं संगीत त्या चिपच्या चौकटीत राहून रचलं. शिवाय १९८७ च्या पहिल्या 'मेगा मॅन'च्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांनी दोन धून दिल्या.

खेळण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी जुनं बरंच काही सोडलं. जुन्या गेममध्ये तीन लाइफ संपल्या की पहिल्यापासून सुरुवात. इथे लाइफ मोजतच नाहीत. मेलात की थोडं सोनं पंख फुटलेल्या थैल्यांमध्ये तिथेच तरंगत राहतं. परत जाऊन घेता येतं, वाटेत पुन्हा मेलात तर गेलं. वाटेतला थांबा फोडला तर जादा धन मिळतं, पण मग त्या थांब्यावरून परत सुरू करता येत नाही. किती अवघड खेळायचं हे खेळणाऱ्याच्या हाती दिलं. गेम लवकर संपू नये म्हणून जी शिक्षा असायची, ती गेली, आणि जोखमीची मजा राहिली. या प्रवाहातला हा सर्वांत शहाणा निर्णय, असं माझं मत आहे.

ठिपक्यांची टोकदार चौकोनी कडा हे आज रेट्रोचं लक्षण मानतात. पण जुन्या काचेच्या टीव्हीवर त्या कडा एकमेकांत मिसळून मऊ दिसायच्या, आणि चित्रकार ते धरूनच रंग भरायचे. इतका लख्ख चौकोनी ठिपका त्या काळी घरच्या टीव्हीवर फारसा कुणी पाहिलाच नव्हता. तो या नव्या पिढीचाच आहे.

पुढे गर्दी झाली. एरिक बॅरोन यांनी एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ घालवून बनवलेला शेतीचा गेम 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ मध्ये आला. २०२४ अखेर त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. गर्दीत उथळ कामही पुष्कळ झालं. एकाच पडद्यावर मोठे ठिपके आणि बारीक ठिपके एकत्र, ठिपक्यांची पात्रं पण अक्षरं गुळगुळीत. असा गेम लगेच खटकतो, कारण नियम न ठरवताच रूप उचललेलं असतं.

याउलट काहींनी एकही सूट घेतली नाही. मॉर्फकॅट गेम्सचा 'मायक्रो मेजेस' (२०१९) खऱ्या एनईएसवर चालतो आणि 'मारिओ'इतक्याच ४० केबीत बसतो. जागा वाचवायला त्यांनी अर्धं चित्र साठवलं आणि उरलेलं अर्धं आरशासारखं उलटून दाखवलं. जोसेफ व्हाइट यांनी तर कधी अस्तित्वातच नसलेलं जुनं यंत्र नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये रचलं: 'पिको-८'. १२८ गुणिले १२८ ठिपके, १६ रंग, ३२ केबीची काल्पनिक कॅसेट. त्याच्यावर मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत डोंगर चढायचा एक छोटा गेम केला. त्यातूनच २०१८ चा गाजलेला 'सेलेस्ट' उभा राहिला.

आता जुनं म्हणजे प्लेस्टेशन. त्या यंत्रात आकृतीचे कोपरे पूर्णांकांतच मोजले जायचे, म्हणून भिंती थरथरायच्या, आणि नक्षी चढवताना खोलीचा हिशोब धरला जात नसे, म्हणून फरशीवरची नक्षी वाकडी व्हायची. ज्या त्रिमितीने ठिपक्यांना हुसकावलं तिच्या याच खोडी आज मुद्दाम प्रोग्राम लिहून आणल्या जातात. लंडनच्या एसएफबी गेम्सचा 'क्रो कंट्री' (२०२४) हा अशाच रूपातला भयपट-गेम आहे. पात्र जुन्या पद्धतीने चालवायचं की नव्या, हे त्यात खेळणाऱ्याने ठरवायचं. आणि ज्याला शत्रूंशी झुंजायचं नाही, फक्त ओसाड मनोरंजन-उद्यानातलं रहस्य उलगडायचं आहे, त्याच्यासाठी ते वगळून खेळायची वेगळी सोयही आहे.