८० टक्के उताऱ्याची अट: सौर पॅनेलखालच्या शेतीची पार्श्वभूमी

पॅनेल जमिनीपासून २ मीटर उचलून, रांगा विरळ ठेवून खाली पीक घ्यायचे, ही कल्पना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत मांडली गेली. अशा रचनेत पिकाला साधारण दोन तृतीयांश ऊन मिळते, हा त्यातला हिशेब. पण तिला कायद्याची चौकट आधी मिळाली ती जपानमध्ये.

तिथे जुलै २०१२पासून सौर वीज ठरलेल्या दराने घेतली जाऊ लागली. १० किलोवॅट आणि त्यावरच्या प्रकल्पांना २० वर्षे कर धरून युनिटला ४२ येन मिळत. एवढ्या दरापुढे भातशेती टिकणार नाही, ही भीती रास्त होती. मार्च २०१३मध्ये तोडगा निघाला: बिनशेती होईल ती फक्त खांबांच्या बुंध्यापुरती जागा, तीही ३ वर्षांपुरती. सांगाडा सहज काढता यावा, खालून यंत्र फिरावे आणि उतारा, म्हणजे पिकाचे उत्पादन, परिसरातल्या त्याच पिकाच्या सरासरीच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. दरवर्षी अहवाल द्यायचा. पीक पडले तर सुधारणा, नाहीतर खांब उपटायचे.

अट चांगलीच होती, घोळ झाला तो ‘सरासरी’ या शब्दाचा. भाताची सरासरी सरकारी आकड्यांत मिळते. पण सावली मानवते म्हणून अनेकांनी म्योगा (आल्याच्या कुळातले पीक) किंवा पूजेच्या फांद्यांसाठी साकाकी लावली. त्यांची स्थानिक सरासरी काढायची कुठून? साकाकीची तर पहिली काही वर्षे तोडच नसते, म्हणजे मोजायला हातात काही नाही. दुसरी अडचण कर्जाची: वीजकरार २० वर्षांचा, परवाना ३ वर्षांचा. २०१८मध्ये काही अटींवर परवाना १० वर्षांचा झाला. २०२१मध्ये पडीक जमिनीला ८० टक्क्यांतून सूट मिळाली. ती योग्यच होती, कारण जिथे काहीच पिकत नव्हते तिथे तुलना कशाशी करणार? एप्रिल २०२४पासून या अटी परिपत्रकातून थेट नियमांत गेल्या.

शेतातल्या चुका मात्र बहुतेक सारख्याच असतात. पॅनेलची सावली एक तृतीयांशापुढे नेली की भात उशिरा पिकतो. रुंद पॅनेलच्या कडेवरून पागोळ्या एकाच रेषेत पडतात, तिथली माती वाहते आणि रोपे लोळतात; म्हणून अरुंद पॅनेल बरे. खांबांमधले अंतर कापणीयंत्राच्या रुंदीवरून आधी ठरवावे, नंतर ते बदलता येत नाही.

आपल्याकडे केंद्राच्या २०१९च्या कुसुम योजनेने पिकाखालच्या जमिनीवर खांबांवर पॅनेल उभारायची मुभा दिली, पण खालच्या उताऱ्याची अशी अट घातली नाही. महाराष्ट्रात २०२३च्या सौर कृषी वाहिनी २.०मध्ये जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. दिवसा पंप चालावेत म्हणून ही योजना आहे आणि ती गरज खरी आहे. पण भाड्याच्या त्या जमिनीला ‘सौर शेती’ म्हणणे चूक आहे. उंच सांगाड्याला लोखंड जास्त लागते. खाली काय पिकले हे कोणी मोजणारच नसेल, तर पॅनेल गुडघा-कमरेएवढेच बसतात आणि त्याखाली औत शिरत नाही.